इंजिन ऑइल पितंय, पण कुठून?

"साहेब, गाडी ऑइल पितेय. इंजिनचं काम निघालं." लाख-सव्वा लाख किलोमीटर पळालेल्या गाडीच्या मालकाला गॅरेजमध्ये ही दोन वाक्यं सहसा एका दमात ऐकू येतात. पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. दुसरं मात्र त्यातून आपोआप निघत नाही. ऑइल कमी होण्याच्या निदान पाच-सहा वाटा आहेत. काही वाटा अगदी स्वस्त भाग बदलून बंद होतात, काहींचं काम हेड न उतरवताही होतं, आणि पिस्टन बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही अशा फक्त एक-दोन. वाट न शोधता इंजिन उघडणाऱ्या माणसाचे पैसे जातात, आणि बऱ्याचदा तक्रारही तशीच राहते.

मुळात चालत्या इंजिनात थोडं ऑइल जळणारच. पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो. सिलिंडरची भिंत कोरडी राहिली तर इंजिन बघता बघता जाम होईल. म्हणून भिंतीवर ऑइलचा पातळ थर ठेवावाच लागतो, आणि त्यातला किंचित अंश इंधनाबरोबर जळतो. प्रश्न फक्त प्रमाणाचा. कंपन्यांनी ठरवलेलं प्रमाण पाहिलं की डोळे विस्फारतात. अमेरिकेत टोयोटाने १,२०० मैलांना एक क्वार्ट ही मर्यादा धरली, म्हणजे साधारण हजार किलोमीटरला अर्धा लिटर. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या पुस्तिकांतही हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खर्च चालण्यासारखा धरलेला आढळतो. १०,००० किलोमीटरवर सर्व्हिसिंग करणाऱ्याच्या हिशेबाने हे पाच लिटर झाले, आणि पुष्कळशा छोट्या गाड्यांच्या चेंबरमध्ये मुळात साडेतीन-चार लिटरच ऑइल मावतं. म्हणजे कंपनीच्या लेखी धडधाकट असलेल्या गाडीतही मधे ऑइल टाकलं नाही, तर पुढच्या सर्व्हिसिंगआधीच चेंबर रिकामं होईल. माझ्या मते या मर्यादेवरून इंजिनाची तब्येत कळत नाही. वॉरंटीत दुरुस्ती कधी द्यायची एवढंच तिच्यावरून कळतं. २०१५ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी ग्राहक-नियतकालिकाने जवळपास पाच लाख गाड्यांच्या मालकांकडून आलेली माहिती तपासली आणि अतिरेकी ऑइल-खर्चाला 'नॉर्मल' म्हणणं चुकीचं आहे, असं स्पष्ट लिहिलं. त्याच पाहणीत बहुसंख्य गाड्यांना दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल टाकावं लागत नाही, हेही दिसलं होतं.

जुन्या गाडीसाठी माझा मापदंड साधा आहे. दोन हजार किलोमीटरला एक लिटर किंवा त्याहून कमी लागत असेल तर गळती आणि ब्रीदर (इंजिनाच्या आतला दाब सोडणारी वाट) तपासावा, ऑइल टाकत राहावं, आणि इंजिन उघडण्याचा विषय काढू नये. हजार ते दोन हजारच्या मधे असेल तर रीतसर तपास करावा. हजार किलोमीटरच्या आतच लिटरभर संपत असेल तर दुरुस्ती टाळता येत नाही.

पण हे ठरवायला आधी मोजमाप हवं, आणि तेच फारसं कोणी करत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन गरम असताना बंद करावं, ऑइल खाली चेंबरमध्ये उतरायला पाच-दहा मिनिटं द्यावीत. डिपस्टिक काढून कोरड्या फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी, पुन्हा काढावी आणि आडवी धरून बघावी. उभी धरली तर ऑइल पट्टीवरून ओघळतं आणि पातळी चुकीची दिसते. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत साधारण लिटरभराचं असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. दर वेळी मीटरचं रीडिंग आणि किती मिलिलिटर टाकलं हे लिहून ठेवायचं. तोंडापर्यंत भरू नये. वरच्या खुणेच्याही वर ऑइल गेलं तर क्रँक ते घुसळतो, त्याचा फेस होतो आणि ब्रीदरवाटे आणखी जास्त ऑइल ओढलं जातं. भरपूर टाकलं म्हणजे जास्त दिवस पुरेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

मोजमापात एक फसगत हमखास होते. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये मिसळत जातं, त्यामुळे ऑइल जळत असूनही डिपस्टिकवर पातळी जागच्या जागी दिसते. मग एखाद्या सुट्टीत गाडी मुंबईहून कोल्हापूरला नेली की वाटेत हे पेट्रोल-पाणी उडून जातं आणि पातळी एकदम खाली येते. मालकाला वाटतं, हायवेवर इंजिन बिघडलं. खरं तर इतके महिने झाकलेला खर्च त्या एका प्रवासात उघडा पडलेला असतो.

वाटांपैकी पहिली बाहेरची: गळती. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, प्लगच्या नळ्यांची सीलं, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची बैठक, चेंबरचं पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, क्रँकचं पुढचं आणि मागचं सील. यातलं मागचं सील तेवढं महागात पडतं, कारण तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बाकीची कामं किरकोळ. अडचण अशी की गळती खाली पार्किंगच्या फरशीवर दिसेलच असं नाही. टॅपेट कव्हरमधून झिरपलेलं ऑइल गरम सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडून जागच्या जागी जळतं. सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो, जमिनीवर मात्र थेंबही नसतो. इंजिन बाहेरून नीट धुऊन, दोन दिवस चालवून, मग टॉर्चच्या उजेडात वरून खाली बघत गेलं तर ओलं कुठून सुरू होतं ते सापडतं. वरून बघायचं अशासाठी की ऑइल खाली आणि मागे वाहतं; सगळ्यात ओली जागा क्वचितच गळणारी असते.

इंजिनाचा श्वास चालू ठेवणारी ब्रीदरची वाट त्याहून दुर्लक्षित. पिस्टनच्या फटीतून थोडा गरम वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये येतो. पूर्वी तो एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडला जायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या धुरक्यामुळे तो परत इंजिनातच जाळायची पद्धत आली आणि गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह बसू लागला. आज जवळपास प्रत्येक कारमध्ये तो असतो आणि सर्व्हिसिंगच्या यादीत मात्र फार थोड्या ठिकाणी. तो चिकटून बंद पडला तर क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि ऑइल प्रत्येक सीलमधून बाहेर ढकललं जातं. उघडाच राहिला किंवा त्याचा पडदा फाटला तर इनटेक मॅनिफोल्ड थेट ऑइलची वाफ ओढत राहतो. म्हणूनच पॅकिंग बदलूनही महिन्याभरात गळती पुन्हा सुरू झाली, की आधी ब्रीदरच्या नळ्या बघाव्यात. इंजिन सुरू ठेवून ऑइलचं झाकण उचलून बघितलं तरी पुष्कळ कळतं: हलकी ओढ असेल तर ठीक, झाकण धडधडत असेल आणि हाताला गरम फुंकर लागत असेल तर आत दाब आहे, आणि शिट्टी वाजत जोरात ओढ लागत असेल तर पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. स्प्रिंगवाला जुना व्हॉल्व्ह काढून हातात हलवला तर खुळखुळ वाजायला हवा. या कामाचा खर्च इतका कमी आहे की जुन्या गाडीत तपासाच्याही आधी तो भाग बदलून टाकावा, असं मी म्हणेन.

तिसरी वाट व्हॉल्व्हच्या सीलांची. प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांडीवर रबराची छोटी टोपी असते. वर हेडमधलं ऑइल दांडीवरून खाली ज्वलनकक्षात घसरू नये म्हणून. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर प्लास्टिकसारखं कडक होतं. आपल्याकडे हा दोष ओळखायला घाट फार उपयोगी पडतो. कशेडी किंवा आंबोली उतरताना गाडी गिअरमध्ये असते आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो. थ्रॉटल बंद, इंजिन मात्र जोरात फिरतंय, त्यामुळे सिलिंडरमध्ये जबरदस्त ओढ तयार होते आणि कडक झालेल्या सीलांमधून ऑइल आत खेचलं जातं. पायथ्याशी अॅक्सिलरेटर दाबला की मागे निळसर धुराचा लोट सुटतो आणि थोड्या वेळात विरतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना धूर सोडते आणि मग स्वच्छ चालते, तेव्हाही बहुधा हीच खूण. उलट चढावर किंवा ओव्हरटेक करताना, इंजिनावर जोर असेपर्यंत धूर सतत येत राहिला, तर संशय रिंगांवर जातो. रंगही बघावा लागतो: काळा धूर जास्त इंधनाचा, पांढरी वाफ बराच वेळ टिकली तर कूलंट जळतंय, आणि निळसर तेवढा ऑइलचा. मात्र आधुनिक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडंफार ऑइल गुपचूप जाळून टाकतो; धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही, असं समजू नये.

व्हॉल्व्ह सीलं बदलायला दर वेळी हेड उतरवावं लागत नाही, हे मालकांना माहीत असायला हवं. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून ठेवला, किंवा दोरी आत सारून पिस्टन वर आणला, तर व्हॉल्व्ह खाली न पडता स्प्रिंग काढून सील बदलता येतं. हे काम जमणारा मिस्त्री शोधावा. व्हॉल्व्हची दांडी ज्यांत सरकते ती गाइडं घासून ढिली झाली असतील तर मात्र नवी सीलं फार दिवस टिकत नाहीत; तेव्हा हेड लेथवर गेलंच पाहिजे.

आता रिंगा. खरा वाद इथेच आहे. पिस्टनला साधारण तीन रिंगा असतात: वरच्या दोन दाब अडवायला, खालची ऑइल खरवडून परत चेंबरमध्ये पाठवायला. ही तिसरी ऑइल रिंग बहुतेक गाड्यांत तीन तुकड्यांची असते: दोन पातळ पोलादी कड्या आणि त्यांना बाहेर दाबून धरणारी मधली नागमोडी पट्टी. खरवडलेलं ऑइल खाचेच्या मागच्या भोकांतून पिस्टनच्या आत उतरतं आणि खाली पडतं. ऑइल पिणाऱ्या इंजिनातून काढलेला पिस्टन मिस्त्रीच्या टेबलावर हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. वरच्या दोन रिंगा बोटाने ढकलल्या तर खाचेत मोकळ्या फिरतात. त्यांच्यात काही दोष दिसत नाही. ऑइल रिंगेच्या खाचेत मात्र डांबरासारखा काळा कडक थर साचलेला असतो, नागमोडी पट्टीच्या फटी त्यात बुजलेल्या असतात, कड्या आत दबून बसलेल्या असतात, आणि मागची भोकं कुठे आहेत ते शोधावं लागतं. सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी अजून स्पष्ट दिसत असते. म्हणजे बोअर घासलेलाच नाही. इंजिन झिजलेलं नाही, घाणीने तुंबलेलं आहे. हा फरक लाखमोलाचा, कारण तुंबलेलं मोकळं करता येतं, झिजलेलं नाही.

अशी तुंबलेली इंजिनं गेल्या वीस वर्षांत जास्त दिसू लागली, याला कारण आहे. इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करायचं, आणि घर्षणाचा मोठा वाटा रिंगांचा. म्हणून रिंगा पातळ झाल्या आणि त्यांचा भिंतीवरचा दाब कमी केला गेला. जोडीला ऑइल पातळ झालं आणि बदलण्याचं अंतर वाढलं. कमी दाबाच्या रिंगेला खाचेत थोडा कार्बन साचला तरी ती अडकते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण टोयोटाचं २.४ लिटरचं २एझेड-एफई इंजिन. अमेरिकेत २००६ नंतरच्या कॅमरींसह अनेक मॉडेलांत ते होतं. दणकटपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीच्या या इंजिनाने ऑइल प्यायला सुरुवात केली, आणि टोयोटाला पिस्टनची रचना बदलून नवे पिस्टन आणि रिंगा बसवून द्याव्या लागल्या. आधी मालकाची गाडी भरून, सील करून, १,२०० मैल चालवून परत आणायची परीक्षा असे. क्वार्टभर किंवा जास्त गेलं तरच दुरुस्ती. सुबारूच्या बॉक्सर इंजिनांवरून झालेल्या खटल्यात २०१६ मध्ये तडजोड झाली आणि वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांवरून ८ वर्षं किंवा १ लाख मैलांवर नेण्यात आली. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनांच्या खटल्यात २०२२ मध्ये ज्युरीने मालकांच्या बाजूने दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. हे सगळं अमेरिकेत घडलं, कारण तिथे एकाच दोषाचे हजारो ग्राहक एकत्र येऊन दावा लावतात. आपल्याकडचा मालक एकटाच गॅरेजमध्ये उभा असतो. त्याला या प्रकरणांचा उपयोग असा की 'तुम्ही गाडी नीट ठेवली नाही' असं ऐकून लगेच मान खाली घालायची गरज नाही. काही इंजिनांत दोष आराखड्यातच होता.

तपास करणाऱ्यांची एक ठराविक चूक इथे सांगायला हवी. कॉम्प्रेशन टेस्ट चांगली आली म्हणून रिंगा ठीक, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. पण कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. ऑइल रिंग पूर्ण अडकलेली असली तरी आकडे उत्तम येऊ शकतात. म्हणून आकडे वाचायची रीत अशी: कोरडं कॉम्प्रेशन कमी आलं आणि प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकल्यावर चढलं, तर वरच्या रिंगा किंवा बोअर घासले आहेत. चढलं नाही तर दोष व्हॉल्व्हकडे. कॉम्प्रेशन सगळीकडे सारखं आणि चांगलं, गळती नाही, ब्रीदर नवा, सीलांची लक्षणं नाहीत, आणि तरीही ऑइल जातंय, तर ऑइल रिंग तुंबली आहे असं धरून चालावं. हवा भरून करायची लीक-डाउन टेस्ट आणखी नेमकी: फुसफुस ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग. प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघता येतो. त्यावर सगळीकडे काजळी आणि कडेने मात्र धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला, तर ऑइल रिंगांच्या बाजूनेच वर येतंय.

उपायांमध्ये पहिला सल्ला सगळीकडे मिळतो तो जाड ऑइलचा: "वीस-पन्नास टाका, बंद होईल." मारुती ८०० च्या काळात तो चालून जायचा. आजच्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते, वाटा अरुंद असतात, आणि थंड इंजिनात फार जाड ऑइल वर पोचायला वेळ घेतं. शिवाय ऑइल रिंगेची भोकं बुजली असतील तर जाड ऑइल तिथून आणखी कष्टाने उतरणार. पुस्तिकेत परवानगी असलेल्या ग्रेडांपैकी जाडीकडचा निवडणं मात्र योग्य; ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही चालत असतील तर जुन्या इंजिनात, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात, दुसरं घ्यावं.

ग्रेडपेक्षा न बोलला जाणारा एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: नोआक. ऑइल २५० अंश सेल्सियसला तासभर तापवून वजनाच्या किती टक्के उडून जातं, ते ही चाचणी सांगते. एपीआय एसपी दर्जाला १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, युरोपच्या एसीईए सी३ दर्जाला १३ टक्के. चांगली सिंथेटिक ऑइलं दहाच्या खाली राहतात. एकाच ग्रेडच्या दोन डब्यांत हा फरक असू शकतो, आणि उडून गेलेला भाग ब्रीदरवाटे इंजिनातच जळतो. कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात हा आकडा बहुधा मिळतो; डब्यावर मिळत नाही. ऑइल पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत दुकानातून घ्यावं हे वेगळं सांगायला नको, पण नकली डब्यांचा बाजार मोठा असल्याने सांगतो.

जास्त धावलेल्या गाड्यांसाठीच्या खास ऑइलांची सुरुवात व्हॅल्व्होलिनच्या मॅक्सलाइफने २००० मध्ये केली. ७५,००० मैलांच्या, म्हणजे साधारण सव्वा लाख किलोमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी. त्यांत सीलांचं रबर किंचित फुगवून मऊ करणारे घटक असतात. त्याचा उपयोग झिरपणाऱ्या सीलांना आणि काही अंशी व्हॉल्व्ह सीलांना होतो, आणि दिसायला दोन-तीन हजार किलोमीटर जावे लागतात. फाटलेलं सील त्याने जुळत नाही. अलीकडे पिस्टनवरचा साचलेला थर हळूहळू सोडवण्याचा दावा करणारी ऑइलंही अमेरिकेत आली आहेत. ती लागोपाठ तीन-चार वेळा वापरायची असतात. कल्पना रास्त आहे: जो थर वर्षानुवर्षं साचला तो हळूहळू सुटला तर इंजिनाला धोका कमी.

याच्या अगदी उलट आपल्या गॅरेजांतला जुना उपाय, म्हणजे ऑइल काढण्याआधी त्यात डिझेल घालून इंजिन चालवणं. डिझेलने ऑइलचं वंगण मोडतं, बेअरिंगं त्या काळात जवळजवळ उघडी चालतात, आणि गाळाचं मोठं ढेकूळ एकदम सुटून पंपाच्या जाळीत अडकला तर प्रेशर जातं. हा प्रकार जुन्या, गाळ भरलेल्या इंजिनात करू देऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन.

तुंबलेल्या रिंगांवर इंजिन न उघडता करायचा दुसरा उपाय म्हणजे भिजवणं. प्लग काढून सिलिंडरांत रिंगा साफ करणारं द्रावण ओतायचं, सगळे पिस्टन साधारण मधल्या उंचीवर ठेवायचे, काही तास ते रात्रभर ठेवायचं. अमेरिकेत ह्युंदाई आणि किआच्या डीलरांनीही ऑइल-खर्चाच्या तक्रारीवर ज्वलनकक्ष साफ करण्याची अशी प्रक्रिया वापरली आहे. सावधगिरी दोन ठिकाणी लागते. सुरू करण्याआधी वर उरलेलं द्रावण शोषून काढायचं आणि प्लग न लावता स्टार्टर फिरवायचा. द्रव दाबला जात नाही, सिलिंडर भरलेला राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि खाली झिरपलेल्या द्रावणाने ऑइल पातळ झालेलं असतं, म्हणून ते ऑइल आणि फिल्टर लगेच बदलायचे. बोअर शाबूत असेल तर हा प्रयत्न करून बघण्याजोगा आहे. त्यानंतर ऑइल बदलण्याचं अंतर १०,००० वरून ५,००० किलोमीटरवर आणावं, नाहीतर खाचा पुन्हा भरतील.

टर्बो डिझेल गाड्यांना वेगळा नियम. इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑइलचा हलका ओलावा नेहमीचाच, पण साचलेलं ऑइल ओघळून बाहेर येत असेल तर टर्बोचं सील गेलं किंवा त्याची ऑइल परत न्यायची नळी तुंबली. ही गोष्ट पुढे ढकलू नये, कारण डिझेल इंजिन स्वतःच्या ऑइलवरही चालू शकतं. एकदा तसं झालं की चावी काढूनही ते थांबत नाही आणि वेग वाढवत नेतं. मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडणं आणि इंजिन बंद पाडणं हाच हाताशी असलेला उपाय. बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक नुकसान होतं: ऑइलची राख धुराच्या वाटेवरच्या काजळीच्या फिल्टरमध्ये कायमची बसते. काजळी जाळून साफ होते, राख होत नाही.

पेट्रोल गाडीत ऑइल टाकत राहणं ही पूर्णपणे समजूतदार निवड असू शकते. वर्षाला १०,००० किलोमीटर आणि दोन हजारला एक लिटर धरलं तर वर्षाचे पाच लिटर. लिटरमागे ५०० रुपये धरले तर अडीच हजार. रिंगांच्या कामाच्या पैशांत अशी कितीतरी वर्षं निघतात, आणि पंधरा वर्षांच्या नोंदणीच्या शेवटाकडे आलेल्या गाडीत तो हिशेब आणखी स्पष्ट होतो. दुसऱ्या बाजूचा खर्च आहे तो कन्व्हर्टरचा. ऑइलमधला फॉस्फरस त्यावर बसत जातो आणि तो निकामी होतो, मग पीयूसीत गाडी अडकते. इंजिन मात्र ऑइल जळल्याने मरत नाही. ते कमी पातळीवर चालवल्याने मरतं. उरलेलं थोडं ऑइल जास्त तापतं, लवकर खराब होतं, खाचांत आणखी थर बसवतं, आणि खर्च वाढतो.

तरीही इंजिन उघडायचंच ठरलं, तर 'हाफ इंजिन' या नावाखाली नेमकं काय होणार हे विचारावं. कित्येक ठिकाणी पिस्टन काढतात, नव्या रिंगा घालतात आणि बोअरला हातही न लावता जोडून टाकतात. बोअर वरच्या बाजूला जास्त घासलेला आणि लंबगोल झालेला असेल तर नवी गोल रिंग तिथे कधीच बसत नाही. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली आणि दोन दिशांनी मोजून आकडे कागदावर घ्यावेत, कंपनीच्या मर्यादेशी ताडून पाहावेत. मर्यादेत असेल तर होनिंग करून भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी नव्याने पाडायची. नसेल तर बोअरिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, किंवा नवे लाइनर. काही अॅल्युमिनियम ब्लॉकांच्या बोअरवर खास मुलामा असतो, ते साध्या बोअरिंगने फुकट जातात, म्हणून ब्लॉक कोणत्या प्रकारचा आहे हे लेथवाल्याला आधी कळायला हवं. जुने पिस्टनच वापरायचे असतील तर ऑइल रिंगेची भोकं एकेक करून मोकळी करून घ्यावीत. रिंगांवरची खूण वरच्या बाजूला, आणि त्यांच्या फटी एका रेषेत न येऊ देता वेगवेगळ्या दिशांना. हेड उतरवलंच आहे तर व्हॉल्व्ह सीलं त्याच वेळी बदलावीत. मजुरी वेगळी लागत नाही.

काम झाल्यावर गाडी तासन् तास उभ्या जागी सुरू ठेवू नये. रिंगा बसायला सिलिंडरमधला दाब लागतो, आणि तो गाडी चालवल्यावरच मिळतो: मध्यम जोर, वेग बदलता, सुरुवातीला फुल अॅक्सिलरेटर नाही. पहिलं ऑइल हजार किलोमीटरच्या आत बदलावं, कारण होनिंगचे बारीक कण त्यात असतात. या काळात थोडं ऑइल जाणं स्वाभाविक आहे, म्हणून पुन्हा तीच वही, तेच फडकं आणि तीच पट्टी. तीन ते पाच हजार किलोमीटरनंतरही खर्च पूर्वीइतकाच राहिला, तर बोअरचे आकडे लिहिलेला कागद घेऊन गॅरेजमध्ये जावं आणि हेडच्या गाइडांची मापं मागावीत.